नवसाचे रोडगे आणि सरांची यादी

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की चिपळुणात पहिला प्रश्न येतो, चिखलदरा पाहिलात का? नाही पाहिला. मेळघाटात वाघ दिसला का? नाही दिसला. आठ दिवस त्या मुलखात काढले, आणि त्यातले दोन दिवस अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात, खिडक्यांना पडदे लावून, टाळ्या वाजवण्यात घालवले. लिहायला बसताना ठरवलं होतं की शांतपणे लिहायचं. ते काही आपल्याला जमेलसं वाटत नाही.

मी घरी कोकमाचं आगळ, आमसुलं आणि फणसपोळी करून विकते. चार बायका हाताशी आहेत, चाललंय बरं. माझी धाकटी बहीण नलू लग्न होऊन अकोल्याला गेली त्याला पंचवीस वर्षं झाली. मार्गशीर्षात तिचा फोन आला. अमरावतीला लहान धंदेवाल्यांसाठी शिबिर आहे, ‘नाती जोडा, व्यवसाय वाढवा’, तू ये, गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं ते शिकशील, मग अकोल्याला आमच्याकडे राहा, रोडगे खाऊन जा. बहीण बोलावते आहे, रोडगे काय ते कधी खाल्ले नव्हते, मी पिशवी भरली. आगळाच्या सहा बाटल्या पण घेतल्या, नको तिथे शहाणपण.

बडनेरा

अमरावतीसाठी गाडीतून बडनेऱ्याला उतरायचं. सकाळची थंडी अशी की दातावर दात. आमच्याकडे पौषातसुद्धा पहाटे पातळ शाल पुरते, इथे स्वेटरवर स्वेटर घालून हमाल शेकोटीपाशी बसलेले. फलाटावर नलू उभी होती. साडीवर काळा कोट, कोटाला बिल्ला, बिल्ल्यावर ‘सुवर्ण’ लिहिलेलं. मला वाटलं बँकेत लागली की काय. तिने मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, तर सर तुझी वाट बघतायत.

शिबिराला वेळ होता म्हणून तिने आधी गिला वडा खायला नेलं. उडदाचा वडा दह्यात बुडवून त्यावर मिरचीची चटणी, आणि चटणी म्हणजे विस्तव. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी. गाडीवाला माझ्याकडे बघत होता. न विचारता त्याने माझ्या द्रोणात आणखी दोन डाव दही ओतलं आणि इतक्या जोरात बोलला की मला वाटलं भांडतोय. “खा ना बाई, दह्याचे पैसे कोन मांगून राह्यलं?” नलू म्हणाली, इथे प्रेम असंच बोलतात. दोन दिवसांच्या शिबिरात जे शिकवायचं होतं ते त्या माणसाने एका डावात शिकवलं होतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

अमरावती

हॉलमध्ये दीडदोनशे माणसं. शिवणकामवाल्या बायका, मोबाईल दुरुस्तीवाले, चांदूर रेल्वेचे दोन किराणावाले, रिटायर झालेले मास्तर. सगळी कष्टाची माणसं, स्वच्छ कपडे करून आलेली. त्यांच्यासमोर ते सर. वय पस्तिशीच्या आत, निम्मं हिंदी, निम्मं मराठी, बूट चकचकीत. सगळ्यांना उभं करून ‘मी करू शकतो’ असं ओरडायला लावलं. अहो, त्या शिवणकामवाल्या पंधरा वर्षं घर चालवतायत, त्या करू शकतात की नाही हे तू सांगणार?

मग त्यांनी सांगितलं की नातं हेच भांडवल. प्रत्येकाने शंभर नावांची यादी करायची, नातेवाईक, शेजारी, शाळेतले मित्र, कोणी सोडायचं नाही. आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाची दुखरी जागा लिहायची. कोणाचं आजारपण, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कोणाचा मुलगा विचारत नाही. दुखरी जागा सापडली की दार उघडतं, असं म्हणून त्यांनी पडद्यावर दार उघडल्याचं चित्र दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी शेंदूरजनाघाटचे एक म्हातारे संत्र्याचे व्यापारी बसले होते. त्यांना जावयाने आणलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मांडीखाली सारली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाळीस वर्सं बागवानाइसंग धंदा करून राह्यलो बाई. त्याइचं दुखनं आमाले ठाव आहे. पन ते लिवून ठेवाले नसते.” आणि उठून गेले ते परत आलेच नाहीत. मीही तेव्हाच उठायला हवं होतं.

नाही उठले, कारण मला कौतुक करून घ्यायचं होतं. दुपारी सरांनी स्टेजवर माझं नाव पुकारलं. कोकणच्या यशस्वी उद्योजिका, एकट्या बाईने उभा केलेला संसार, आईसमान व्यक्तिमत्त्व, आणि काय काय. शाल, श्रीफळ, दोनशे माणसं उभी राहून टाळ्या. आयुष्यात मला कोणी शाल घातली नव्हती. माझे डोळे भरले आणि त्या भरल्या डोळ्यांनी मी नलूने पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली. तो कशाचा आहे हे नीट विचारलंसुद्धा नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणतात, मला तर शिडी लावून चढवलं आणि खालून शिडी काढून घेतली. फॉर्म आरोग्याच्या पावडरीचा होता. मी आता ती पावडर विकणार होते, आणि माझ्यासारखे आणखी विकणारे गोळा करणार होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत पत्ता लिहून घ्यायला मी नलूची डायरी उघडली. यादी होती. सतरावं नाव माझं. पुढे नलूच्या सुंदर अक्षरात: ‘ताई. एकटी असते. मुलगा फोन करत नाही. कौतुक केलं की विरघळते.’

विरघळते! मी काय साजूक तूप आहे? तळपायाची आग मस्तकात गेली. हे अक्षर मी तिला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. चहाचा कप तिथेच ठेवला आणि तिला जिन्यात ओढत नेलं. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ती आधी म्हणाली की ही फक्त पद्धत आहे, सगळेच लिहितात. मग म्हणाली की तुझ्या भल्यासाठीच. मी थांबत नाही बघून तिचा आवाज बदलला.

“प्रकाशचं ऑपरेशन झालं तेव्हा पाच आठवडे मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होते, ताई. तू आलीस? आता मला लोक मॅडम म्हणतात.”

तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला मी गेले नव्हते. कोकमाचा हंगाम होता, बायकांना सोडून निघता येत नव्हतं, फोन मात्र रोज करत होते. हे मी तिला तिथे सांगितलं, आणि सांगतानाच मला ते लंगडं वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. अमरावतीहून अकोल्याच्या एस्टीत आम्ही शेजारी बसलो आणि मूर्तिजापूरपर्यंत दोघी खिडकीबाहेरच बघत राहिलो. बाहेर काळीभोर जमीन, वेचून संपत आलेला कापूस आणि तुरीच्या गंज्या, मैलोन्‌मैल. आमच्याकडे नजर टाकली की डोंगर आडवा येतो, इथे नजरेला काही अडत नाही. भांडण करून बसलेल्या माणसाला असला देखावा फार जड जातो.

अकोला

नलूचे यजमान प्रकाशराव पोटाच्या ऑपरेशननंतर निम्मे झालेत, पण हिंडतात फिरतात. पहिल्याच सकाळी दारात कुसुमबाई आली. हिची ओळख करून द्यायला हवी. पन्नाशीची, काटक, नदीकाठी तीन एकर आहे, घरचाच भाजीपाला आणि झेंडू पिकवतात आणि ती पहाटे टोपली घेऊन नलूच्या गल्लीत येते. पंचवीस वर्षं येते आहे. नलू नवी नवरी असताना तिला इथली भाषा कळेना, तेव्हा ओट्यावर बसून हिनेच शिकवली. दवाखान्यात पाच आठवडे दोन वेळचा डबा हिच्या घरून जात होता. हे मला प्रकाशरावांनी सांगितलं, नलूने नाही.

मी ओट्यावर बसून तिचा धंदा बघत होते. कोणाला वांगं चालत नाही, कोणाच्या घरी आज उपास आहे, सगळं डोक्यात. भाव एकदाच सांगते, ‘तुमच्यासाठी म्हणून’ असलं काही नाही. पलीकडच्या घरातली म्हातारी गेल्याला महिना झाला होता, तर त्या दारात टोपली उतरवून आधी पाच मिनिटं नुसती बसली, भाजीचं नावही काढलं नाही. मी तिला आगळाची बाटली दिली. तिने वास घेतला, एक थेंब जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “बाप्पा, हे तं चिचेची माय आहे.” हसू आलं मला, भांडणानंतर पहिल्यांदा.

प्रकाशराव जगावेत म्हणून कुसुमबाईने तिच्या गावच्या मारोतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. नवस तिचा, शेत तिचं, धान्य तिचं, आणि माणूस नलूचा. आता तो ती फेडणार होती. वऱ्हाडात रोडग्यांचं आवतण आलं की नाही म्हणत नाहीत, वैर असलं तरी येऊन जेवून जातात. ऐंशी माणसं येणार होती.

हे सरांच्या कानावर गेलं. नलूनेच घातलं असणार. ऐंशी माणसं एका जागी, आपला खर्च काही नाही, अशी संधी पुन्हा यायची नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. नलूला ‘सुवर्ण’वरून ‘हिरा’ व्हायला थोडीच माणसं कमी पडत होती. तिने तिथे उभं राहून सांगायचं की नवरा पावडरीने बरा झाला. मी तिला म्हटलं, अगं, ज्या बाईने देवापुढे पदर पसरला तिच्याच शेतात उभी राहून हे बोलणार? प्रकाशरावांनी पावडरीचा डबा उघडलासुद्धा नाहीये, सील तसंच आहे. ती म्हणाली, कुसुमबाईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. अर्थात हो म्हणाल्या. सर येऊन आरोग्यावर दोन शब्द बोलतील एवढंच हिने सांगितलं होतं. मी म्हटलं, तू बोललीस तर मी उठून सगळं सांगेन. ती म्हणाली, सांग. दोघीही हट्टी, एकाच आईच्या.

शेतावर

रोडगे हा पुरुषांचा स्वयंपाक. आमच्याकडे नवसाचं जेवण म्हटलं की बायका पहाटेपासून चुलीपुढे आणि पुरुष पानाच्या तबकापुढे. इथे कुसुमबाईचे तिन्ही दीर धोतराचा काचा मारून जाडसर कणकेशी झटत होते. घड्या घालून थापलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, वर राख ओढायची. भाजले की गोणपाटावर टाकून दोघांनी दोन टोकं धरून हलवायचे, राख झडून जाते. शेजारी मोठ्या गंजात वांग्याची भाजी, दुसऱ्यात वरण. त्या वासाने माझा चार दिवसांचा राग पण जरा सैल झाला.

मारोतीला नैवेद्य झाला. कुसुमबाईने प्रकाशरावांना पाटावर बसवलं, गूळतुपाचा रोडगा त्यांच्या हातात दिला आणि देवळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “मारोतीराया, मानूस देला तू आमचा. हे घे तुह्यं.” आमचा म्हणाली. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, माणसं बसली. तेवढ्यात सरांची मोटार आली.

सर जेवणार नव्हते, ते म्हणे दुपारी फक्त पावडर घेतात. बरं, नका जेवू. पण जेवल्यावर लोक सुस्तावतात, म्हणून आधी आपण बोलून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. मांडलेल्या पंगतीला, हात धुऊन बसलेल्या माणसांना त्यांनी थांबवलं. पाऊण तास! रोडगे गोणपाटावर निवत होते, लेकरं आयांना ढोसत होती, आणि हा माणूस स्वप्नं मोठी बघा म्हणून सांगत होता. कोणी ब्र काढला नाही. पाहुणा आहे, कुसुमबाईने बोलावलाय, म्हणून. माझ्या डोक्यात नुसती तिडीक उठत होती. लोकांच्या चांगुलपणावर इतक्या निर्धास्तपणे बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग नलू उठली. आवाज आधी कापरा होता, मग सुधारला. नवऱ्याचं आजारपण, डॉक्टरांनी हात टेकले होते, मग ही पावडर. प्रकाशराव हातातल्या रोडग्याकडे बघत बसले होते, वर बघेनात. मी उठायला जमिनीला हात टेकला. सरांनी फॉर्म वाटायला घेतले होते, ज्याच्या त्याच्या पत्रावळीवर एकेक. कोणी हलेना, कोणी लिहीना. नलू मधे उभी, तिचं तोंड उतरत चाललेलं.

तेव्हा कुसुमबाई पुढे झाली. पदराला हात पुसले आणि नलूच्या हातातला कागद मागितला.

“द्या मले. नलूताईची बात खाली नाई पडली पायजे. कुठी सही करू?”

नलूने कागद मागे घेतला. तुमी नोका करू, म्हणाली. सर हसत म्हणाले, करू द्या ना मॅडम, त्या तयार आहेत. त्यांच्यामागून सगळे करतील. ते खरंच होतं. कुसुमबाईने सही केली असती तर त्या पंगतीतल्या एकूण एक माणसाने केली असती, आणि नलू तिथल्या तिथे हिरा झाली असती. नलूने कागद छातीशी धरला आणि नाही म्हणून मान हलवली.

कुसुमबाईला काही कळेना. तिने अगदी सरळ विचारलं, त्यात टोमणा नव्हता.

“काहून? माह्यासाठी चांगलं नाई काय?”

नलूने कागद पाठीमागे धरला.

“मंग या लोकाइले काहून देऊन राह्यली?”

ऐंशी माणसं ऐकत होती. माझी बहीण खोटं बोलू शकली असती, पाऊण तास तेच तर चाललं होतं. तिने कुसुमबाईकडे बघितलं आणि रडत म्हणाली, “त्याइचं मले तुमच्यासारखं वाटत नाई म्हनून.”

कोणी ओरडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोकांनी पत्रावळीवरचे कागद उचलून बाजूला ठेवले, कोणी उडू नयेत म्हणून वर ढेकूळ ठेवलं. कुसुमबाईने नलूला दंडाला धरून पंगतीत बसवलं आणि दिराला वाढायला सांगितलं. सर मोटारीत बसून गेले, त्यांना निरोप द्यायला कोणी उठलं नाही. रोडगे गार झाले होते, तरी सगळ्यांनी पोटभर खाल्ले.

मी मात्र तशीच अर्धवट उठलेली, एक हात जमिनीला टेकून. कारण ‘त्याइचं’ म्हणाली त्यात मीही होते. सही माझी घेतली होती, आणि घेताना हिचा हात थांबला नव्हता. कुसुमबाईसाठी थांबला. मला ते फार झोंबलं. तिथून निघेपर्यंत मी नलूशी धड बोलले नाही.

परत येऊन महिना झाला. नलूने ते काम सोडलं, माझा फॉर्मही रद्द करून घेतला. दर रविवारी फोन करते, माफी मागते, मी ठीक आहे म्हणते. सरांचा राग आहे, त्या टाळ्यांचा आहे, त्या शालीचा आहे, ती मी अजून ट्रंकेतून काढलेली नाही. पण नलूवर रागवायला बसले की दर वेळी तिचं ते ‘तुमच्यासारखं वाटत नाई’ आठवतं, आणि मग दवाखान्यातलं ते बाकडं दिसतं, आणि त्या पाच आठवड्यांत तिच्या शेजारी डबा घेऊन बसलेली बाई. तिथे मी बसायला हवं होतं. हे तिला फोनवर सांगायचं म्हणून मी चार रविवार ठरवते आहे, आणि चारही रविवार आगळाच्या बाटल्या किती गेल्या तेच सांगून फोन ठेवून देते.